इंटरनेट फोन, त्याची सुरक्षा आणि तुटणारा आवाज : गावातल्या जोडणीसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीचे कार्यालय हिंगणघाटला असते, कापूस संकलन केंद्रे समुद्रपूर तालुक्यातल्या चार-पाच गावांत असतात आणि हंगामात दिवसभराचे भाव, आलेल्या गाड्या, शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक असे सारे काही फोनवरूनच सांगितले जाते. हे बोलणे कार्यालयातल्या एस्टरिस्कसारख्या, कॉल जोडून देणाऱ्या सर्व्हरवरून आणि केंद्रांवरच्या सिप (इंटरनेटवरून कॉल जोडण्याची पद्धत) फोनवरून इंटरनेटमार्गे होत असेल, तर ते वाटेत कोणाला ऐकता येऊ नये याची व्यवस्था करावीच लागते. ती केली की काही दिवसांत केंद्रावरून निरोप येतो, ‘‘आवाज कटून रायला भाऊ,’’ आणि मग कोणीतरी एन्क्रिप्शनच, म्हणजे बोलणे कूटबद्ध करणेच, बंद करून टाकतो.

हा उपाय बहुतेक वेळा चुकीच्या जागी केलेला असतो. आवाज कूटबद्ध करण्याच्या क्रियेला लागणारा वेळ नगण्य आहे. कॉल बिघडतो तो पॅकेटाभोवती (पॅकेट म्हणजे जाळ्यातून जाणारा आवाजाचा छोटा तुकडा) चढलेल्या जादा वेष्टनामुळे, सर्व्हरच्या वळशामुळे, टीसीपीवरून (हरवलेले पॅकेट पुन्हा मागवणाऱ्या पद्धतीवरून) नेलेल्या व्हीपीएनमुळे (सारी वाहतूक कूटबद्ध करून नेणाऱ्या मार्गामुळे) किंवा राउटरवर आवाजाला प्राधान्य न मिळाल्यामुळे. म्हणून पुढे दिलेल्या क्रमाने गेल्यास सुरक्षा न काढताही बोलणे स्पष्ट ठेवता येते. मेळघाटातल्या आरोग्य केंद्रातून अमरावतीच्या डॉक्टरांशी होणारे बोलणे असो किंवा जिनिंगच्या कार्यालयातले असो, पद्धत तीच आहे.

पहिली पायरी : काहीही बदलण्यापूर्वी जोडणी मोजावी

इंटरनेट फोन साधारणपणे दर २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक पॅकेट करतो, म्हणजे एका दिशेने सेकंदाला ५० पॅकेटे जातात. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या पद्धतीत) एका पॅकेटात १६० बाइट आवाज असतो आणि आयपी (पत्ता), यूडीपी (हरवलेले पुन्हा न पाठवणारी वाहतूक) व आरटीपी (आवाजाचा क्रम आणि वेळ) यांची शीर्षके मिळून ४० बाइट होतात. मोजणीचे पॅकेटही तेवढेच हवे. लिनक्सच्या पिंगमध्ये (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या आज्ञेत) डेटा १७२ बाइट ठेवला, की शीर्षकांसह पॅकेट नेमके २०० बाइटांचे होते. दोन पॅकेटांतले अंतर २० मिलिसेकंद ठेवून पाच मिनिटे चाचणी चालवली, तर १५,००० पॅकेटांचा हिशेब हाती येतो. विंडोजच्या पिंगमध्ये हे अंतर कमी करण्याची सोय नाही, त्यामुळे लिनक्सचा संगणक किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरावा. पिंग आपल्याच सर्व्हरला करावा, एखाद्या प्रसिद्ध संकेतस्थळाला नव्हे, कारण कॉल तिकडे जाणार नसतो.

ही चाचणी सकाळी एकदा आणि रात्री आठच्या सुमारास एकदा घ्यावी. गावातला टॉवर रात्री आठला जसा वागतो तसा सकाळी सातला वागत नाही, आणि ज्यांनी फक्त सकाळी मोजले त्यांनी नंतर सारा दोष एन्क्रिप्शनवर टाकलेला दिसतो. पॅकेटांची गळती १ टक्क्याच्या आत, जिटर (पॅकेटे पोहोचण्याच्या वेळेतला चढउतार) ३० मिलिसेकंदांच्या आत आणि एका दिशेचा एकूण विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर जोडणी बोलण्यास योग्य समजावी. यातली १५० ची मर्यादा आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ या शिफारशीतली आहे. त्याच शिफारशीत ४०० मिलिसेकंदांच्या पुढचा विलंब सर्वसाधारणपणे अस्वीकार्य मानला आहे. या १५० मध्ये आवाजाचे पॅकेट बनण्याचे २० आणि फोनच्या जिटर बफरचे (हा चढउतार झाकण्यासाठी पॅकेटे थोडी थांबवणाऱ्या साठ्याचे) साधारण ४० ते ६० मिलिसेकंद आधीच खर्च झालेले असतात, त्यामुळे वाटेसाठी उरतात जेमतेम ७० ते ९०. भूस्थिर उपग्रहावरची जोडणी असेल, तर केवळ वर जाऊन खाली येण्यातच २४० मिलिसेकंद जातात. तिथे सुरक्षेचे कोणतेही गणित बदलून विलंब कमी होणार नाही.

यंत्राच्या आकड्यांसोबत कानाची चाचणीही घ्यावी. एका केंद्रावरच्या माणसाने कापसाचे वीस-पंचवीस काल्पनिक भाव एका लयीत वाचावेत आणि दुसऱ्याने ते लिहून घ्यावेत. ‘सात हजार दोनशे पन्नास’ यातला ‘दोन’ उच्चारायला ढोबळमानाने दोनशे मिलिसेकंद लागतात, म्हणजे सलग दहा पॅकेटे हरवली की भाव ‘सात हजार … शे पन्नास’ असा ऐकू येतो. गळतीची सरासरी कमी असूनही ती अशी सलग असेल, तर व्यवहाराला धोका तिचाच असतो. विखुरलेली एकेक पॅकेटे हरवल्यास फोन ती पोकळी बऱ्यापैकी भरून काढतो.

दुसरी पायरी : सुरक्षेचा भार नेमका कुठे पडतो ते ओळखावे

प्रोसेसरपासून सुरुवात करू, कारण संशय पहिला त्याच्यावरच जातो. आवाजाचे एक पॅकेट एईएस या पद्धतीने कूटबद्ध करायला आजच्या फोनला किंवा संगणकाला काही मायक्रोसेकंद पुरतात. स्वस्त राउटरमध्ये एईएससाठी वेगळी यंत्रणा नसते. तिथे एका कॉलने काही बिघडत नाही, पण त्याच राउटरवरून व्हीपीएनमधून सीसीटीव्हीचे चित्रही जात असेल, तर प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन आवाजाची पॅकेटे रांगेत अडकतात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या राउटरची अवस्था तर वेगळी सांगायला नको. हा मुद्दा इतकाच.

खरा खर्च पॅकेटाच्या वजनात दिसतो. आरटीपीमधला आवाज कूटबद्ध करणारी एसआरटीपी ही पद्धत २००४ मध्ये मानक झाली. तिच्यात आवाजाचा आकार वाढत नाही, फक्त शेवटी खरेपणाची खूण म्हणून सामान्यतः १० बाइट जोडले जातात. व्हीपीएनचे तसे नाही. त्यात संपूर्ण पॅकेट दुसऱ्या पॅकेटात घातले जाते; यालाच टनेल म्हणतात. बाहेरचे नवे आयपी शीर्षक, किल्लीचा क्रमांक, पॅकेटाचा क्रम, भरणी आणि खूण असे सारे प्रत्येक पॅकेटावर चढते, आणि आवाजाची पॅकेटे मुळातच लहान असल्याने मालापेक्षा बारदान जड होते. एका दिशेच्या एका कॉलला आयपी स्तरावर किती बँडविड्थ (केबीपीएस, म्हणजे सेकंदाला किलोबिट) लागते, ते २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांसाठी असे निघते (आयपीसेक आणि वायरगार्ड या व्हीपीएनच्या दोन पद्धती, तर जी.७२९ हा आवाज जास्त दाबणारा कोडेक) :

| पद्धत | जी.७११ (केबीपीएस) | जी.७२९ (केबीपीएस) |
|---|---|---|
| सुरक्षा नसलेला आरटीपी | ८० | २४ |
| एसआरटीपी | ८४ | २८ |
| आयपीसेक टनेल (एईएस-सीबीसी, शा-१) | १०५.६ | ४८ |
| वायरगार्ड | १०७.२ | ४९.६ |
| वायरगार्डच्या आत एसआरटीपी | ११३.६ | ५६ |

जी.७२९ चा रकाना नीट पाहावा. हा कोडेक निवडला जातो तो बँडविड्थ वाचवण्यासाठी, आणि व्हीपीएनमध्ये घातला की त्याचा भार दुपटीहून थोडा जास्त होतो. वायरगार्डमध्ये आवाजाचा भाग ८ केबीपीएसचा, उरलेले ४१.६ वेष्टनाचे. केंद्राची जोडणी फायबरची असेल तर या फरकाने काहीच होत नाही. पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपलोडला काही शे केबीपीएसच मिळत असतील आणि चार फोन एकाच वेळी चालू असतील, तर हाच फरक कॉल टिकणे आणि न टिकणे यांत पडतो.

तिसरा भार वाटेचा. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो, त्यामुळे सर्व्हर नागपूरला की मुंबईला, याने बोलण्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. परंतु फुकट मिळते म्हणून जर्मनीतल्या सर्व्हरची व्हीपीएन सेवा घेतली, तर समुद्रपूरच्या गावातून निघालेला शब्द साडेसहा हजार किलोमीटरांहून जास्त दूर जाऊन, तेवढेच अंतर परत येऊन हिंगणघाटला पोहोचतो. सरळ रेषेत तार असती तरी एका दिशेला ६५ मिलिसेकंद यातच गेले असते. प्रत्यक्षात तार सरळ नसते. वर काढलेल्या शिल्लक ७०-९० मिलिसेकंदांतून ते वजा करून पाहावे.

असाच वळसा व्हॉट्सॲप कॉललाही पडू शकतो. तिथे प्रायव्हसीच्या प्रगत सेटिंगमध्ये कॉलच्या वेळी आपला आयपी पत्ता लपवण्याचा पर्याय आहे. तो चालू केल्यास दोघांमधला कॉल थेट न जाता कंपनीच्या सर्व्हरमार्गे जातो आणि दर्जा घटू शकतो. अनोळखी लोकांशी बोलणाऱ्याने तो चालू ठेवावा. घरच्या माणसांशी बोलताना त्याची गरज क्वचितच असते.

चौथा भार सर्वांत घातक आणि टाळायला सर्वांत सोपा आहे. ओपनव्हीपीएनसारखी सेवा टीसीपीवरून चालवली, की एक पॅकेट हरवल्यावर ते पुन्हा येईपर्यंत मागची सर्व पॅकेटे थांबवून ठेवली जातात. फाइल उतरवताना हे योग्यच आहे. बोलण्यात मात्र उशिरा आलेले पॅकेट निरुपयोगी असते, आणि ज्या एका पॅकेटाची उणीव कानाला जाणवलीही नसती, त्याच्यासाठी अर्धा सेकंद आवाज गोठतो आणि नंतर एकदम ढकलल्यासारखा येतो. म्हणून आवाज टीसीपीवरून नेऊ नये.

तिसरी पायरी : सुरक्षा आवाजाच्या जवळ लावावी

वरच्या हिशेबातून निवड आपोआप ठरते. फक्त फोनसाठी सुरक्षा हवी असेल, तर संकेतांसाठी (कॉल जोडण्याच्या संदेशांसाठी) टीएलएस (संदेश कूटबद्ध करून नेणारी जोडणी) आणि आवाजासाठी एसआरटीपी ही जोडी वापरावी. व्हीपीएन घालू नये. केंद्रातला हिशेबाचा संगणक, प्रिंटर आणि फोन हे सर्व कार्यालयाच्या जाळ्यात आणणे भागच असेल, तेव्हाच व्हीपीएन घ्यावे, तेही यूडीपीवर चालणारे. स्वस्त राउटरवर मला वायरगार्ड अधिक पसंत आहे, कारण त्यातली चाचा-२० ही पद्धत एईएसची वेगळी यंत्रणा नसलेल्या प्रोसेसरवरही जलद चालते.

टीएलएस आणि एसआरटीपी दोन्ही एकत्रच चालू करावेत. बऱ्याच सिप फोनमध्ये एसआरटीपीची किल्ली कॉल जोडण्याच्या संदेशातूनच पाठवली जाते; तो संदेश ५०६० पोर्टवरून (सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारातून) उघडा गेला, तर कुलूप लावून किल्ली दाराला टांगल्यासारखे होते. संकेत ५०६१ पोर्टवर टीएलएसने पाठवावेत आणि फोनमध्ये एसआरटीपीचा पर्याय ‘ऐच्छिक’ न ठेवता ‘सक्तीचा’ ठेवावा, नाहीतर काही जुळले नाही की फोन गुपचूप उघड्या आवाजावर येतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

टीएलएसमुळे कॉल लागायला उशीर होतो, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण मर्यादित. टीएलएस १.२ मध्ये टीसीपीची एक आणि टीएलएसच्या दोन अशा तीन फेऱ्या झाल्याशिवाय पहिला संदेश जात नाही. २०१८ मध्ये आलेल्या १.३ मध्ये त्या दोनवर आल्या. एका फेरीला ८० मिलिसेकंद लागत असतील तर २४० ऐवजी १६०, आणि सिग्नल अगदी क्षीण असून फेरीला ४०० लागत असतील तर १.२ सेकंदांऐवजी ०.८ सेकंद. मात्र हा खर्च जोडणी नव्याने बांधतानाच होतो. फोनने ती जिवंत ठेवली, तर प्रत्येक कॉलला तो द्यावा लागत नाही. म्हणून फोनमध्ये ‘कीप-अलाइव्ह’ ३० सेकंदांच्या आसपास ठेवावे. मोबाइल जाळ्यातला नॅट (अनेक उपकरणांना एकाच पत्त्यावरून बाहेर सोडणारी व्यवस्था) काही काळ शांत राहिलेली जोडणी विसरतो, आणि मग येणारा कॉल वाजतच नाही.

ब्राउझरमधून बोलण्याची सोय केली असेल, तर किल्ल्यांची देवघेव डीटीएलएसने, म्हणजे टीएलएसच्याच यूडीपीवर चालणाऱ्या रूपाने, होते आणि ती बहुधा फोन उचलल्यानंतर पूर्ण होते. पलीकडच्या माणसाचा पहिला ‘हॅलो’ अर्धा कापला जातो तो यामुळे. या देवघेवीतले एखादे पॅकेट हरवले, तर ते पुन्हा पाठवण्यापूर्वीचा पहिला थांबा मानकात १ सेकंदाचा सुचवलेला आहे. म्हणून उचलल्यावर दर वेळी सेकंदभर शांतता येत असेल, तर गळती शोधावी, मायक्रोफोन नव्हे.

आपल्याकडच्या भारनियमनाशी जोडलेली एक अडचण इथेच सांगितली पाहिजे. रास्पबेरी पाय ४ सारख्या लहान संगणकात आणि अनेक स्वस्त उपकरणांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज जाऊन आली की त्यांची तारीख मागे राहते. टीएलएसला सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र भविष्यातले वाटते आणि नोंदणी नाकारली जाते. इंटरनेट चालू, सर्व्हर चालू, फोन मात्र मुका. राउटरलाच वेळेचा सर्व्हर करून फोनला तिथून वेळ घ्यायला सांगावे, किंवा पायला बॅटरीचे घड्याळ जोडावे. प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे असेल तर त्याची मुदत ९० दिवसांपर्यंतच असते, आणि त्याचे नूतनीकरण आपोआप होते आहे ना, हे हंगाम सुरू होण्यापूर्वी तपासावे.

चौथी पायरी : कोडेक आणि पॅकेटाची लांबी ठरवावी

व्हीपीएन अपरिहार्य असेल आणि अपलोड कमी असेल, तर एका पॅकेटात २० ऐवजी ४० मिलिसेकंद आवाज भरावा. जी.७२९ चा वायरगार्डमधला भार त्यामुळे ४९.६ वरून २८ केबीपीएसवर येतो, कारण वेष्टने निम्मी होतात. बदल्यात विलंब २० मिलिसेकंदांनी वाढतो आणि एक पॅकेट हरवल्यावर दुप्पट आवाज जातो. गळती जास्त असलेल्या जोडणीवर हा सौदा परवडत नाही. तिथे २० मिलिसेकंदांचा ओपस हा कोडेक घ्यावा आणि त्यातली पुढच्या पॅकेटात मागचा आवाज बारीक स्वरूपात पाठवण्याची सोय चालू करावी.

ओपस ६ पासून ५१० केबीपीएसपर्यंत कुठेही चालतो आणि बोलण्यासाठी २४ पुरेसे आहेत. तो शक्यतो स्थिर बिटदराने चालवावा. एसआरटीपी आवाज लपवते, पॅकेटाची लांबी लपवत नाही. बिटदर शब्दांनुसार बदलत राहिला, तर नुसत्या लांब्यांवरून बोलण्याचा अंदाज बांधता येतो, असा इशारा २०१२ पासून मानकांत नोंदलेला आहे. कापसाच्या भावासाठी कोणी एवढा खटाटोप करणार नाही, हेही खरे. पण स्थिर बिटदराने बँडविड्थचा हिशेब सोपा होतो, एवढे कारण पुरे.

पाचवी पायरी : राउटरवर आवाजाला पुढे काढावे

कार्यालयाबाहेर पडणारी रांग आपल्या राउटरवर तयार होते, आणि कॉल बिघडण्याची सर्वांत सामान्य जागा तीच आहे. आवाजाच्या पॅकेटांवर प्राधान्य दाखवणारी डीएससीपी ४६ ही खूण असते; राउटरने ती पाहून त्यांना पुढे सोडायचे असते. व्हीपीएनमध्ये गेल्यावर ही खूण आत दडते आणि बाहेरून आवाज, बिले व कॅमेऱ्याचे चित्र सारे एकच प्रवाह दिसते. आयपीसेकमध्ये आतली खूण बाहेरच्या शीर्षकावर उतरवण्याची सोय आहे. वायरगार्ड ती उतरवत नाही. त्यामुळे वायरगार्ड असल्यास प्राधान्य टनेलमध्ये शिरण्यापूर्वीच द्यावे, आणि सीसीटीव्हीला टनेलच्या बाहेर ठेवावे. खूण पुढे सेवा देणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात कोणी पाहील, अशी आशा ठेवू नये. राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली असेल, तर ‘केक’ हे रांग-व्यवस्थापन चालू करून वेग मोजलेल्या अपलोडच्या नव्वद टक्क्यांवर बांधावा.

आयपीसेक वापरणाऱ्यांनी एक उलट परिणामही ओळखून ठेवावा. जुनी पॅकेटे पुन्हा पाठवण्याचा हल्ला रोखण्यासाठी आयपीसेक साधारण ६४ पॅकेटांची खिडकी पाहते आणि तिच्या मागे राहिलेले पॅकेट टाकून देते. कूटबद्ध झाल्यानंतर राउटरने आवाज पुढे काढला, तर मागे राहिलेली इतर पॅकेटे या खिडकीबाहेर पडून फेकली जातात. गळती फक्त गर्दीच्या वेळी आणि फक्त आयपीसेकमध्येच दिसत असेल, तर ही खिडकी वाढवून पाहावी.

सहावी पायरी : लक्षणावरून कारण शोधावे

फोनची नोंदणी होते, पण कॉल लागत नाही, असे झाल्यास संदेशाचा आकार पाहावा. कॉल जोडण्याच्या संदेशात कोडेकांची यादी आणि किल्ल्या आल्या की तो १,३०० बाइटांच्या पुढे जाऊ शकतो. यूडीपीवर त्याचे तुकडे होऊ शकतात आणि एखादा तुकडा वाटेत टाकला जातो. टीएलएसने हा त्रास जातो, कारण ते टीसीपीवर चालते. संकेतांना टीसीपी चालते, आवाजाला नाही. व्हीपीएन असेल तर तिचा एमटीयू (पॅकेटाची कमाल लांबी) १२८० बाइट करून पाहावा आणि नको असलेले कोडेक यादीतून काढावेत.

आवाज एकाच बाजूने ऐकू येत असेल, तर दोष बहुधा नॅटचा किंवा राउटरमधल्या सिप एएलजीचा असतो. एएलजी सिपचे संदेश वाटेत बदलते आणि बहुतेक वेळा बिघडवते. ते बंद करावे. टीएलएस लावल्यावर हा दोष पुष्कळदा आपोआप जातो, कारण राउटरला संदेश वाचताच येत नाही. सुरक्षेने कामगिरी सुधारल्याचे हे उदाहरण मला फार आवडते. मोबाइलवरचे वायफाय कॉलिंग चालत नसेल, तर गोष्ट वेगळी आहे : ते मोबाइल कंपनीपर्यंत आयपीसेकचे टनेल बांधते आणि त्यासाठी राउटरवर यूडीपीचे ५०० व ४५०० हे पोर्ट बाहेर जाण्यास खुले हवेत.

आवाज यंत्रासारखा येत असेल, तर वायरशार्क या पॅकेटे तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कॉल पकडून टेलिफोनीच्या यादीतले आरटीपी प्रवाहांचे विश्लेषण उघडावे. एसआरटीपीमध्ये शीर्षक उघडेच असते, त्यामुळे बोलणे न ऐकताही हरवलेली पॅकेटे, जिटर आणि दोन पॅकेटांतले सर्वाधिक अंतर दिसते. हे अंतर २० च्या आसपास राहून मधूनच ४००-५०० वर उडी घेत असेल आणि गळती शून्य असेल, तर आवाज बहुधा कुठेतरी टीसीपीवरून जातो आहे. गळती असेल पण अंतर स्थिर असेल, तर वायफाय किंवा टॉवर. टनेलच्या बाहेर पकडल्यास यातले काहीच दिसणार नाही. पकड फोनच्या किंवा सर्व्हरच्या बाजूनेच घ्यावी.

सातवी पायरी : एकेक बदल करून पुन्हा मोजावे

प्रथम सुरक्षेशिवाय, मग एसआरटीपीसह, मग व्हीपीएनसह, अशा क्रमाने तोच भाववाचनाचा प्रयोग त्याच वेळी, म्हणजे रात्री आठलाच, करावा. सुरक्षेशिवायच्या चाचणीत खरे खाते क्रमांक वाचू नयेत आणि सर्व्हर तेवढ्या वेळेपुरताही इंटरनेटवर सर्वांना मोकळा ठेवू नये. ५०६० पोर्ट उघडा दिसताच काही वेळात स्वयंचलित प्रोग्रॅम पासवर्ड चाचपू लागतात. सर्व्हरला सिप ट्रंक (बाहेरच्या फोन जाळ्याशी जोडणारी सेवा) जोडलेली असेल आणि त्यांतला एखादा पासवर्ड जुळला, तर परदेशी कॉलचे बिल कंपनीच्या नावावर येते. त्या धडपडीमुळे सर्व्हरवर येणारा भारही कॉलला जाणवतो. चाचणी संपली की ५०६० बाहेरून पूर्ण बंद करावा, चुकीचे पासवर्ड टाकणाऱ्यांना अडवणारे फेल-टू-बॅन चालू करावे, सिप ट्रंक परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी आणि परदेशी कॉलची सोय गरज नसल्यास त्या कंपनीकडूनच बंद करून घ्यावी.